सेफ-टी-प्लस: पुढचा टायर फुटल्यानंतरच्या पहिल्या सेकंदासाठी

क्लास ए मोटरहोम म्हणजे बसएवढी, आत घर असलेली गाडी. तिची रुंदी 102 इंच, म्हणजे साडेआठ फूट. अमेरिकन इंटरस्टेट महामार्गाची लेन 12 फूट. गाडी लेनच्या अगदी मधोमध असली तरी दोन्ही अंगांना पावणेदोन फूटच उरतात. ताशी 60 मैल म्हणजे सेकंदाला 88 फूट. या वेगात गाडीचं तोंड नुसतं 2 अंश वळलं, तरी ते पावणेदोन फूट साधारण 0.6 सेकंदात संपतात. आणि बेसावध ड्रायव्हरला काय झालं ते कळून हात हलेपर्यंत सहज एक-दीड सेकंद जातो. सेफ-टी-प्लस स्टिअरिंग कंट्रोल ही वस्तू या दोन आकड्यांमधल्या फरकासाठी आहे. त्याहून जास्त अपेक्षा ठेवून घेतली तर निराशा होईल, आणि ती निराशा नेमकी नको त्या वेळी होईल.

हे परीक्षण मुख्यतः फोर्ड एफ-53 या पेट्रोल चॅसीवरच्या गाड्यांसाठी आहे. अमेरिकेतल्या बहुतेक पेट्रोल क्लास ए गाड्या याच चॅसीवर उभ्या असतात. आधी 6.8 लिटरचं व्ही-10 इंजिन होतं, आता 7.3 लिटरचं व्ही-8 आहे. पुढे सरळसोट ॲक्सल, पाटे, आणि दोन्ही चाकांना जोडणारा एक टाय रॉड. डिझेल पुशरवर, म्हणजे मागे डिझेल इंजिन असलेल्या मोटरहोमवर, वस्तू तीच, ब्रॅकेट आणि सिलिंडरचा नमुना वेगळा.

वस्तू दिसायला साधी: एक जाडजूड बंद सिलिंडर, आत स्प्रिंग आणि डॅम्पर दोन्ही. एक टोक ॲक्सलला किंवा चॅसीला बसवलेल्या ब्रॅकेटवर, दुसरं टोक टाय रॉडवर आवळलेल्या पट्टीवर. चाकं सरळ असताना स्प्रिंग शांत. ती डावीकडे वळोत की उजवीकडे, स्प्रिंग त्यांना मधोमध आणायला बघते, आणि डॅम्पर अचानक बसणारा झटका मंदावतो. वायर नाही, स्विच नाही, ड्रायव्हरला करण्यासारखं काहीच नाही. सिलिंडर आणि ब्रॅकेट मिळून पाचशे डॉलरच्या पुढे जातात, मजुरी वेगळी. आमचा कौल आधीच सांगून टाकतो: घेण्यासारखी वस्तू, पण खरेदीच्या यादीत तिसऱ्या नंबरवर. पहिले टायर, दुसरा टायरची हवा सांगणारा टीपीएमएस, मग ही.

फुटल्यावर नेमकं काय होतं

मागच्या ॲक्सलला जोडचाकं असतात. त्यातला एक टायर गेला तर शेजारचा भार पेलतो, आणि पुष्कळदा ड्रायव्हरला ते पुढच्या थांब्यावर कळतं. पुढे मात्र एकेकच टायर. तो फुटला की बैलगाडीचा एका बाजूचा बैल बसावा तशी गाडी त्या बाजूला ओढली जाते. हे ओढणं दोन प्रकारचं असतं, आणि या सिलिंडरचा उपयोग त्यातल्या एकाच प्रकारावर होतो. विक्रेते हे सांगत नाहीत म्हणून जरा खोलात जाऊ.

पुढच्या एका चाकावर 3,400 पौंड वजन धरा. हवा भरलेला टायर गडगडताना वजनाच्या साधारण एक टक्का विरोध करतो, म्हणजे 34 पौंड. फुटलेला टायर रिमखाली चिरडत फिरतो तेव्हा हा विरोध पंचवीसपट झाला असं समजा, म्हणजे 850 पौंड. हा ओढा चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याच्या बाहेरच्या बाजूला लागतो. ते अंतर 4 इंच धरलं तर 3,400 इंच-पौंडांचा पीळ चाक वळवायला बघतो. स्टिअरिंग आर्म 8 इंचांचा असेल तर टाय रॉडवर 425 पौंडांचा धक्का येतो. आकडे ढोबळ आहेत, चॅसीप्रमाणे बदलतील, पण कशाशी गाठ आहे ते त्यावरून कळतं. हा पहिला प्रकार, आणि इथे सिलिंडर कामाला येतो. सुरुवातीचा झटका डॅम्पर खातो, पुढचा जोर स्प्रिंग काही अंशी तोलते, आणि उरलेला पॉवर स्टिअरिंग आणि तुमचे हात पेलतात. स्टिअरिंग हातातून हिसकावलं जात नाही. सगळा जोर एकटी स्प्रिंग परतवून लावते हा समज मात्र चुकीचा. तेवढी कडक स्प्रिंग बसवली तर कॅम्पग्राउंडवर गाडी वळवणं अशक्य होईल.

दुसरा प्रकार असा, की चाकं अगदी सरळ धरून ठेवली तरी 850 पौंडांचा तो ओढा गाडीच्या मध्यरेषेपासून तीनेक फूट बाजूला लागतो, त्यामुळे अख्खी गाडीच त्या बाजूला फिरू लागते. सिलिंडर चाकं मधोमध आणू शकतो. गाडी सरळ ठेवायला चाकं मधोमध नव्हे, थोडी विरुद्ध दिशेला वळलेली हवी असतात. तो कोन हातानेच द्यावा लागतो. म्हणूनच प्रात्यक्षिकात ड्रायव्हर दोन्ही हात सोडून बसलेला दाखवतात, ते पाहताना रस्ता कसा आहे, वेग किती आहे आणि गाडीवर वजन किती आहे हे विचारावं.

पाय कुठे हवा

सिलिंडर असो वा नसो, खरी कामगिरी उजव्या पायाची. धडाका झाला की पाय आपोआप ब्रेककडे जातो, आणि तिथेच बहुतेक गाड्या हातच्या जातात. ब्रेक लावला की वजन पुढे येतं, तेही आधीच बसलेल्या कोपऱ्यावर. फुटलेला टायर आणखी चिरडतो, ओढा वाढतो. शाबूत पुढच्या टायरची पकड ब्रेक लावण्यात खर्ची पडते आणि गाडी वळवायला काही उरत नाही. नुसता ॲक्सिलरेटर सोडला तरी थोड्या प्रमाणात हेच होतं.

म्हणून टायर फुटताच ॲक्सिलरेटर दाबायचा. हळूच नाही, खाली टेकेपर्यंत, निदान गाडी पुन्हा लेनमध्ये सरळ चालू लागेपर्यंत. मागची चाकं गाडी पुढे ढकलतात, पुढचा ओढा तेवढा फिटतो, वजन पुढे कोसळत नाही. वेग भलताच वाढेल ही भीती निराधार आहे. 18,000 पौंडांची गाडी, समोर फुटलेल्या टायरचा नांगर. व्ही-10 कितीही किंचाळलं तरी काही सेकंदांत काटा फारसा हलत नाही. त्याच वेळी स्टिअरिंग घट्ट, नऊ आणि तीनच्या जागी हात, नजर दूर आपल्याच लेनवर. रस्त्याकडेला जायची घाई नको. आधी सरळ.

गाडी सरळ चालायला लागली की पाय हळूहळू वर घ्यायचा, चार-पाच सेकंद घेऊन. फुटलेला टायर स्वतःच ब्रेकचं काम करतो. वेग ताशी 30 मैलांखाली आला की अगदी हलका ब्रेक चालतो, आणि बाजूला घ्यायचं तेही याच टप्प्यावर. क्रूझ कंट्रोल चालू होता का, याचं भान ठेवा. ॲक्सिलरेटर दाबल्याने तो बंद होत नाही. पाय वर घेतला की तो ठरलेला वेग धरायला बघतो, त्यामुळे गाडी आवाक्यात आल्यावर बटण दाबून बंद करा. डिझेल पुशरवर एक्झॉस्ट ब्रेकचा स्विच चालू असेल तर पाय उचलताच तो मागच्या चाकांना धरतो. हायवेवर सपाटीला तो बंदच असलेला बरा. एफ-53च्या टो-हॉल मोडचंही, म्हणजे पाय उचलल्यावर खालच्या गिअरने गाडी धरणाऱ्या मोडचंही, तसंच: घाटात हवा, सपाटीवर नको. मागे कार ओढत असाल तर तिच्या ब्रेकचा झटका किती जोरात बसतो ते आधीच जुळवून ठेवा, कारण मोटरहोमच्या पेडलवर पाय पडला की त्या कारचेही ब्रेक लागतात.

हे सगळं त्या क्षणी आठवणार नाही. दर प्रवासाच्या सुरुवातीला एकदा मनात उजळणी करायची, आणि शेजारी बसणाऱ्यालाही सांगून ठेवायचं. म्हणजे धडाका झाल्यावर "ब्रेक दाब!" असा ओरडा शेजारून येणार नाही.

बसवताना आणि जुळवताना

बसवणं अवघड नाही. हत्यारं आणि टॉर्क रेंच असलेला माणूस दोन-एक तासांत करेल. अडचणी बसवण्यात कमी आणि तपासण्यात जास्त येतात. सिलिंडर टाय रॉडला शक्य तितका समांतर हवा. तिरका बसला तर स्प्रिंगचा जोर वाया जातो आणि टोकाच्या जोडांवर बाजूचा ताण येतो. चाकं जमिनीवर असताना स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवून बघायचं. सिलिंडरचा दांडा कुठल्याही टोकाला ठेचता कामा नये. ठेचत असेल तर वळण कमी होतंच, शिवाय तो सगळा मार टाय रॉडच्या पट्टीवर बसतो. स्वे बार (गाडीला कलू न देणारा दांडा) आणि इंजिनाचं ऑइल पॅन यांच्यापासून पाटे पूर्ण दबल्यावरही अंतर राहतंय ना, तेही पाहावं. गाडीला कारखान्याचा स्टिअरिंग डॅम्पर असेल तर तो ठेवायचा की काढायचा हे त्या चॅसीच्या किटच्या कागदावर असतं. मेकॅनिकच्या अंदाजावर सोडू नका.

खरी मेख मध्य साधण्यात आहे. पट्टीचे बोल्ट ढिले करायचे, सपाट जागी गाडी काही फूट सरळ पुढे नेऊन स्टिअरिंग न हलवता थांबवायची, आणि आहे त्याच जागी बोल्ट सांगितलेल्या टॉर्कने आवळायचे. मग हायवेवर बघायचं. गाडी एका बाजूला जात असेल तर पट्टी किंचित सरकवून पुन्हा तेच. पहिल्या फटक्यात क्वचितच जमतं.

इथे एक मोह होतो. अमेरिकेत पाणी वाहून जावं म्हणून रस्ते मधून उंच असतात, त्यामुळे उजव्या लेनमधली गाडी उजवीकडे उतरते. ते टाळायला लोक सिलिंडरचा मध्य जरा डावीकडे ठेवतात. उजव्या लेनमध्ये छान वाटतं. पण जिथे दोन लेनचा उतार दोन बाजूंना आहे, तिथे डाव्या लेनमध्ये गेलात की सिलिंडर आणि उतार दोघं मिळून डावीकडे ओढतात, आणि डावा टायर फुटला तर तिघं. मध्य म्हणजे सपाट रस्त्यावरचा मध्य, दुसरा नाही.

पट्टी पक्की बसली की टाय रॉडवर पट्टीच्या दोन्ही कडांना पांढऱ्या रंगाच्या रेघा मारून ठेवा. पहिल्या 100 मैलांनंतर टॉर्क पुन्हा तपासा. पुढे कधी गाडी अचानक एका बाजूला जायला लागली तर आधी या रेघा बघायच्या. पट्टी चौथाई इंच सरकली असली तरी लगेच दिसते. या वस्तूची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार, "बसवल्यापासून गाडी ओढते", बहुतेक वेळा इथेच सुटते. दांड्याभोवती तेल दिसलं तर सिलिंडर बदलायचा. तो बंद आहे, उघडून दुरुस्त करण्याजोगा नाही.

हिला न जमणारी कामं

बरेच जण ही वस्तू टायरसाठी घेतच नाहीत. त्यांना गाडी रस्त्यावर भटकते त्यावर इलाज हवा असतो: शेजारून ट्रक गेला की ढकलली जाते, सतत स्टिअरिंग सावरावं लागतं. एफ-53ची ही जुनी आणि खरी तक्रार आहे, पण तिचं मूळ बरेचदा मागच्या टोकात असतं. मागचा ॲक्सल पाट्यांवर आडवा हलतो आणि गाडी मागून वळते. त्याला मागचा ट्रॅक बार, म्हणजे ॲक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा, लागतो. स्वे बारची लिंक दुसऱ्या भोकात घेतली तरी फरक पडतो, आणि त्याला जवळपास खर्च नाही. पुढचं अलाइनमेंट बिघडलेलं असेल तर ते आधी दुरुस्त करा, आणि गाडी नेहमीच्या सामानासह, टाक्या भरून तपासायला न्या. रिकाम्या गाडीचं अलाइनमेंट रिकाम्या गाडीपुरतंच. टो, म्हणजे पुढची चाकं एकमेकांकडे किती वळलेली आहेत तो कोन, चुकलेला असताना सिलिंडर बसवला तर गाडी सरळ चालते खरी, पण टायर कडेने झिजत राहतो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

याच्याशीच जोडलेला सगळ्यात गंभीर तोटा. सिलिंडर नसलेल्या गाडीत पुढच्या टायरची हवा हळूहळू कमी झाली तर स्टिअरिंग त्या बाजूला जड होतं आणि हाताला ते कळतं. सिलिंडर तो इशारा दाबून टाकतो. म्हणून टीपीएमएसशिवाय ही वस्तू बसवू नये असं आमचं ठाम मत आहे. कमी हवेवर चाललेल्या टायरची बाजू वाकून-वाकून तापते, आतल्या दोऱ्या सुटतात, आणि तो फुटतो. बहुतेक फुटण्यांची सुरुवात अशी तासभर आधी झालेली असते.

टीपीएमएस कुठलाही चालेल. बघण्यासारख्या गोष्टी दोन. एक, व्हॉल्व्ह धातूचे हवेत. रबरी व्हॉल्व्हवर सेन्सरचं वजन फिरून-फिरून मुळाशी चीर पडते, आणि मग वाचवायला आणलेली वस्तूच हवा घालवते. दोन, 35 फुटांच्या गाडीत मागच्या सेन्सरचा सिग्नल पुढे पोचावा म्हणून बूस्टर लागतो, विशेषतः मागे कार असेल तर. धोक्याची मर्यादा टायर थंड असतानाच्या दाबापेक्षा 10 ते 15 टक्के खाली लावा. ट्रेड, म्हणजे टायरचा रस्त्याला टेकणारा नक्षीचा थर, अचानक सुटला तर मात्र कुठलाही टीपीएमएस आधी सांगू शकत नाही.

हवा किती, यावर दोन टोकं दिसतात. काही जण टायरच्या बाजूवर छापलेला कमाल आकडाच भरतात, काही जण गेल्या वर्षीच्या हवेवर निघतात. बरोबर आकडा वजनावरून निघतो. ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन मिळतं. पंधरा डॉलरच्या आसपास खर्च येतो. पण मोटरहोमचं स्वयंपाकघर, फ्रीज आणि पाण्याची टाकी एका बाजूला असू शकते, त्यामुळे प्रत्येक चाकाचं वजन वेगळं हवं. मोटरहोमवाल्यांच्या एस्केपीज क्लबची स्मार्टवेय सेवा तसं मोजून देते. समजा पुढच्या ॲक्सलवर 6,700 पौंड आले, डावीकडे 3,450 आणि उजवीकडे 3,250. एफ-53वर नेहमी दिसणारा 225/70आर19.5 टायर 95 पीएसआयला 3,640 पौंड पेलतो. मग जड बाजूच्या हिशेबाने दोन्ही टायरमध्ये 95. लोड रेंज जी (भार पेलण्याच्या क्षमतेची श्रेणी) टायरवर 110 लिहिलंय म्हणून 110 भरले तर गाडी उड्या मारेल आणि आणखी भटकेल. हवा थंड टायरमध्ये, सकाळी, ऊन पडण्याआधी मोजायची. या दाबाला बाहेरचं तापमान 10 अंश फॅरनहाइटने बदललं तर साधारण 2 पीएसआयचा फरक पडतो, म्हणजे कोलोरॅडोच्या पहाटे भरलेली हवा ॲरिझोनाच्या दुपारी वेगळीच दिसणार. ती वाढ धरूनच टायर बनवलेला असतो. तापलेल्या टायरमधून हवा कधीही काढू नका.

वयाचंही तसंच. मोटरहोमचे टायर घासून संपत नाहीत, उभ्या-उभ्या म्हातारे होतात. रबर टिकवणारी रसायनं टायर फिरत असताना पृष्ठभागावर येतात. गाडी सहा महिने झाकून ठेवली की ती येत नाहीत आणि बारीक भेगा पडतात. टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. पुढचे टायर सहा-सात वर्षांनी बदला, नक्षी कितीही चांगली दिसो. जुनी डिझेल गाडी स्वस्तात घेत असाल तर 275/70आर22.5 मापाचा गुडइयर जी-159 तिच्यावर नाही ना, हे बघाच. 1996 ते 2003 दरम्यान बनलेल्या या टायरमध्ये सुरक्षेचा दोष असल्याचं अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने म्हटलं, आणि जून 2022 मध्ये सुमारे 1 लाख 73 हजार टायर परत बोलावले गेले. वेगाची मर्यादाही टायरचीच पाळा. मोटरहोमचे बरेच टायर ताशी 75 मैलांसाठी बनतात. पश्चिम टेक्सासात आय-10 वर पाटी 80 ची असते.

पर्याय

स्टीअर सेफमध्ये दोन बाजूंना दोन स्प्रिंगा असतात, डॅम्पर नसतो. मध्य नीट धरते, पण पहिला झटका कारखान्याच्या डॅम्परवरच सोडते, म्हणून तो डॅम्पर दमला असेल तर आधी बदलावा लागतो. रोडमास्टरचा स्प्रिंगवाला स्टॅबिलायझर हलक्या चॅसीला, क्लास सी गाड्यांना, म्हणजे व्हॅनच्या चॅसीवरच्या लहान मोटरहोमना, जास्त शोभतो. ब्लू ऑक्सच्या ट्रूसेंटरमध्ये चालत्या गाडीत बटण दाबून मध्य हलवता येतो. आडव्या वाऱ्यात, वायोमिंगसारख्या ठिकाणी, दिवसभर चालवणाऱ्याचे खांदे वाचतात, आणि वर सांगितलेला रस्त्याच्या उताराचा प्रश्नही सुटतो. पण जोडणी वाढते, बिघडण्याच्या जागा वाढतात, आणि वाऱ्यासाठी हलवलेला मध्य परत न आणता माणूस विसरतो. साधेपणासाठी सेफ-टी-प्लस, लांबच्या वाऱ्याच्या प्रवासांसाठी ट्रूसेंटर, असा आमचा कल आहे. ब्रिटनमध्ये फियाट डुकाटोवरच्या मोटरहोमना टायरॉनचे बँड बसवतात. ती वेगळीच युक्ती आहे: रिमच्या मधल्या खोलगट भागात धातूचा पट्टा बसतो, त्यामुळे हवा गेलेल्या टायरची कड त्या खळग्यात उतरत नाही आणि टायर रिमवर टिकून राहतो.

फुटून थांबल्यावर

बऱ्याच क्लास ए गाड्यांना स्टेपनी नसते, आणि असली तरी ते धूड रस्त्याकडेला बदलणं एकट्याचं काम नाही. कोच-नेट किंवा गुड सॅमसारखी रोडसाइड सेवा आधीच घेतलेली असावी. फोनवर टायरचं पूर्ण माप, लोड रेंज आणि माइल मार्कर (रस्त्याकडेच्या पाटीवरचा मैलाचा आकडा) सांगा. नाहीतर रिकाम्या हातांचा ट्रक येतो. लेव्हलिंग जॅकवर (उभी गाडी समतल करणाऱ्या जॅकवर) गाडी उचलून चाक काढू नका, जॅक त्यासाठी नसतात. त्रिकोण ठेवायचे तर दुभाजक असलेल्या रस्त्यावर ट्रकवाल्यांचा नियम वापरा: मागे 10, 100 आणि 200 फुटांवर. प्रोपेन बंद करा, मग चाकाच्या कमानीत बॅटरी मारून बघा. सुटलेल्या ट्रेडचा पट्टा फायबरग्लास फाडतो आणि ब्रेकची नळी, एबीएसची वायर, कधी प्रोपेनची लाइनही ओरबाडतो. नवीन टायर लागला तरी ही नळी पाहिल्याशिवाय निघायचं नाही. सिलिंडरचा दांडा वाकला आहे का, पांढऱ्या रेघांवरून पट्टी सरकली आहे का, तेही तेव्हाच बघा. सरकली असेल तर मध्य नव्याने साधेपर्यंत हायवेवर जाऊ नका.

न्यू जर्सी किंवा बे एरियातून आई-बाबांना यलोस्टोन दाखवायला क्लास सी भाड्याने घेणाऱ्यांना यातलं काहीच बसवता येणार नाही. या गाड्या बहुधा फोर्ड ई-450वर असतात, टायर 225/75आर16. त्यांनी सही करण्याआधी दोन्ही पुढच्या टायरचे डॉट अंक आणि बाजूच्या भेगा बघाव्यात, दाराच्या चौकटीवरचा हवेचा आकडा वाचून स्वतःच्या गेजने मोजावं. हे गेज 100 पीएसआयपर्यंत दाखवणारं हवं, कारचं पुरत नाही. टायर सात वर्षांच्या पुढचा निघाला तर काउंटरवर दुसरी गाडी मागावी.